चिंचेचं बुड निघेना. जुन्या ट्रॅक्टरनं काढायचं तर कसं?

लाल_माती (५ मे, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, नंदगडच्या पुढं शेत आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या रानातली जुनी चिंच वाऱ्यानं अर्धी मोडली. उरलेलं झाड परवानगी काढून उतरवलं. खोड, फांद्या गेल्या, बुड मात्र जाग्यावरच आहे. जमिनीवर अडीच फूट उंच, आडवं मोजलं तर साडेतीन फूट. दोघांनी हात धरले तर कवेत येतंय. एका अंगाला कोंबही फुटलेत, म्हणजे अजून जिवंत आहे.

रान तीस गुंठ्यांचं आणि बुड बरोबर मधोमध. दरवेळी नांगर फिरवताना वळसा घालावा लागतो, मुळांवर रोटावेटरची दोन पाती तुटली. महिनाअखेरीला भाताची धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत) करायची आहे. त्याच्या आत हे काढायचंच, असं ठरवलंय.

गाडी म्हणजे वडिलांच्या वेळचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर. काल साखळी बुडाला गुंडाळली आणि दुसरं टोक मागं टॉप लिंकच्या (अवजाराचा वरचा दांडा जोडतात त्या) भोकात पिनेनं अडकवलं, कारण खालचं हूक फारच खाली पडत होतं. लो-एकमध्ये, म्हणजे सगळ्यात हळू गिअरमध्ये टाकून ओढलं. मागची चाकं जाग्यावर उकरायला लागली, मग पुढची चाकं वीतभर वर आली. क्लच दाबला, खाली बसली. तीनदा केलं, बुड हललंसुद्धा नाही.

आता विचार असा की पुढं बंपरवर वाळूची पोती टाकावीत, नायलॉनचा जाड दोर आणावा आणि थोडं मागं येऊन झटका द्यावा. कुणी केलंय का? काय करू सांगा.

हिरण्यकेशी (५ मे, रात्री ९:३२)

जेसीबी बोलवा आणि मोकळे व्हा. तासाभराचं काम आहे. कशाला जुन्या गाडीचे हाल करायचे.

लाल_माती (५ मे, रात्री ९:४०)

विचारलं होतं दादा. आमच्या रानात जायला गाडीवाट नाही, मधे दोघांचे बांध आणि एक ओढा आहे. ओढ्यावरची मोरी जेसीबीचं वजन घेईल असं वाटत नाही. ट्रॅक्टरच कसाबसा जातो. भाऊबंदांचे बांध फोडून मशीन आणायची माझी इच्छा नाही.

गॅरेजवाला (५ मे, रात्री १०:१५)

लाल_माती, आधी एक काम करा. उद्या सकाळी उठल्याबरोबर ती साखळी टॉप लिंकवरून काढा आणि परत तिथं कधी लावू नका. बाकीचं मग बोलू. मी तीस वर्षं ट्रॅक्टरचं काम करतोय म्हणून एवढ्या अधिकारानं सांगतोय, राग मानू नका.

का ते सांगतो. बुड हलत नाही, साखळी ताणली आणि मागची चाकं जमिनीत रुतून घट्ट बसली. इंजिन तर चालूच आहे. चाकं फिरत नसतील तर ती ताकद जाणार कुठं? मग मागच्या ॲक्सलभोवती अख्खी गाडीच फिरते. तोंड उचलतं. तुमची वीतभर उचलली ती ह्याच कारणानं.

साखळी ॲक्सलच्या खाली, हुकाला असेल तर तोंड उचलताना हूक आणखी खाली जातं, ओढ कमी होते, गाडी स्वतःला सावरते. बहुतेक वेळा चाकं घसरायला लागतात आणि प्रकरण तिथंच थांबतं. साखळी ॲक्सलच्या वर असेल तर ती ओढच गाडीला मागं उताणी पाडते. जितकं तोंड वर जातं तितकी ओढ जास्त जोरानं मागं खेचते. तोंड उचलायला लागलं की पाऊण सेकंदात अशी वेळ येते की नंतर क्लच दाबूनही उपयोग नाही. दीड सेकंदात गाडी उताणी पडलेली असते आणि खाली ड्रायव्हर असतो. आपल्या जुन्या गाड्यांना वर लोखंडी कमान नाही. माणूस आणि स्टिअरिंग ह्यांच्यामध्ये काहीच नसतं.

पुढं पोती टाकून थोडा फरक पडेल, पण साखळी उंच असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि झटका तर अजिबात नको. झटक्यानं साखळीवर आणि गाडीवर सरळ ओढीच्या कितीतरी पट भार येतो. चाकांना ताकद पोचवणारा क्राउन पिनियन किंवा हाफ शाफ्ट गेला तर दहा बुडं काढून घेता येतील एवढा खर्च येईल. तुटलेली साखळी कुठं जाऊन लागेल ते तर देवालाच माहीत.

मार्कंडेय_काठ (५ मे, रात्री ११:०५)

मी इथं फक्त वाचते. आज लिहायला बसले, कारण वर जे लिहिलंय ते वाचून मला झोप लागणार नाही.

१९९८च्या मे महिन्यात आमचे बाबा असेच निलगिरीचं बुड ओढत होते. दोर टॉप लिंकलाच बांधला होता, अगदी तुम्ही लिहिलंय तसाच, खालचं हूक अडचणीचं वाटलं म्हणून. मी बारावीत होते. त्यांच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन बांधावर आले होते. आधी दोनदा पुढची चाकं उचलली आणि खाली बसली. बाबा हसले आणि मला लांब उभी राहा म्हणाले. तिसऱ्या वेळी मी कळशी खाली ठेवायला वाकले. मान वर केली तेव्हा ट्रॅक्टरची चाकं आभाळाकडं होती आणि फिरत होती. किंचाळायलाही वेळ मिळाला नाही.

दादा, तुम्ही वीतभर उचलली असं सहज लिहिलंय. त्या वीतभराच्या पुढं काय असतं ते मी बघितलंय. बुड राहू दे तिथंच. वळसा घालून पेरा. पण तसं ओढू नका.

लाल_माती (६ मे, सकाळी ६:२०)

ताई, रात्रीच वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. सकाळी उठून साखळी काढून घरात आणून ठेवली. तुमच्या बाबांचं ऐकून काय बोलावं ते सुचत नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून मी आज थांबलोय, एवढं नक्की सांगतो.

गॅरेजवाले मामा, सांगाल तसंच करतो. घाई नाही. पेरणीला अजून वीस दिवस आहेत.

काळी_रान_अथणी (६ मे, सकाळी ७:४५)

आमच्याकडं अथणीला सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात दगडासारखी होते, भेगा पडतात, पाऊस पडला की चाकं नुसती फिरत राहतात. म्हणून आम्ही बुड काढायचं ते पहिल्या वळवानंतर वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशा वेळी. तुमची माती लाल, तिथली गत वेगळी. तरी एक गोष्ट दोन्हीकडं सारखीच: बुड ओढून निघत नाही, मुळं तोडली की निघतं. ट्रॅक्टर शेवटी लागतो, नुसता उचलायला. सुरुवातीला कुदळ आणि कुऱ्हाड.

बुडाभोवती दोन हात रुंद चर मारा. सगळ्या आडव्या मुळ्या उघड्या पडल्या पाहिजेत. मातीत कुऱ्हाड घालू नका, पहिल्याच घावाला धार जाते. विहिरीचा पंप असेल तर पाइपच्या तोंडाला बारीक नळी लावून मुळांभोवतीची माती पाण्यानं धुऊन काढा. आम्ही बाभळीची बुडं अशीच काढली. पाण्याचा झोत मुळीच्या खाली शिरतो, जिथं हात पोचत नाही तिथली माती वाहून जाते आणि मुळं स्वच्छ दिसतात. मग कुऱ्हाडीनं तोडा. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा काढून टाका, नाहीतर तुटलेलं टोक परत मातीत अडकून बसतं.

आणि बुड अडीच फूट ठेवलंत ते बरं केलंत. ज्यांनी जमिनीबरोबर कापलं त्यांना नंतर साखळी लावायला काहीच उरत नाही.

निवृत्त_गुरुजी (६ मे, सकाळी ९:००)

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी एक वाट सांगतो, कारण हा धागा नंतरही लोक वाचतील. गिरमिटानं बुडाच्या माथ्यावर इंचभर जाडीची, वीतभर खोल भोकं पाडावीत. युरिया भरावा, पाणी सोडावं, वर शेणमाती आणि ओलं गोणपाट टाकावं. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं असतं. कुजवणाऱ्या बुरशीला नत्र मिळालं की तिचं काम वेगानं होतं. लाल मातीत वाळवीही मदतीला येते. माझ्या अनुभवात दोन पावसाळे जातात, पण बुड भुसभुशीत होऊन पहारीनं फुटतं.

मीठ मात्र कुणी सांगितलं तरी घालू नये. बुडाबरोबर भोवतालची भाताची जमीनही जाते.

जे अजून झाड तोडायच्या विचारात असतील त्यांनी लक्षात ठेवावं की कर्नाटकात १९७६च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, नारळ अशा काही झाडांना सूट आहे.

हिरण्यकेशी (६ मे, सकाळी ९:२५)

जाळून टाकलं तर? आमच्या मळ्यात गोवऱ्या आणि भाताचं तूस रचून एक आंब्याचं बुड जाळलं होतं. चार दिवस धुमसत होतं, पण गेलं.

काळी_रान_अथणी (६ मे, सकाळी ९:५०)

मे महिन्यात? नका करू. मूळ जमिनीखालून जळत जातं आणि दहा-पंधरा फुटांवर कुठंतरी वर येतं. शेजारी वाळका ऊस किंवा गवताची गंजी असेल तर संपलं. जाळलेल्या जागेतली माती विटेसारखी भाजते, तिथं दोन-तीन वर्षं पीक पिवळं राहतं. चिंचेचं लाकूड तर फारच ताव धरणारं. पूर्वी तोफेच्या दारूसाठी चिंचेचा कोळसा वापरायचे ते उगाच नाही.

लाल_माती (६ मे, सकाळी १०:३०)

आमच्या खालच्या अंगाला भाऊबंदाच्या काजू आहेत. आग नकोच. गुरुजींची पद्धत चांगली वाटते, पण दोन वर्षं थांबणं जमणार नाही. खोदायला आजपासूनच लागतो.

गॅरेजवाला (६ मे, दुपारी १:४०)

आता हिशेब बघा, म्हणजे नुसतं ओढून का निघत नाही ते पटेल. तुमच्या बुडाचा जमिनीवरचा भागच साधारण २४ घनफूट होतो. ओली चिंच पाण्याइतकी तरी जड धरा. म्हणजे वरचं लाकूडच पावणेसात क्विंटलच्या पुढं. खालचा गड्डा आणि मुळांत धरून बसलेली माती मिळवली तर टनाच्या वर जातं. आणि हे नुसतं वजन झालं, मुळांची पकड ह्यात धरलेलीच नाही.

तुमच्या गाडीचं वजन सतराशे किलोच्या आसपास. टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर ओढणारी गाडी कोरड्या घट्ट जमिनीतसुद्धा आपल्या वजनाच्या निम्म्याच्या फार पुढं ओढू शकत नाही. एचपी कितीही असू दे, चाकाची पकड सुटली की संपलं. म्हणून गाडीची ताकद वाढवण्यापेक्षा बुडाची पकड कमी करण्यात शहाणपण आहे. अथणीवाल्यांनी सांगितलेलं शंभर टक्के बरोबर.

तरी गाडीसाठी दोन गोष्टी करा. मागच्या टायरात पाणी भरून घ्या. जॅकवर घेऊन वॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा आणि त्या पातळीपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे पाऊण टायर भरतो. वजन खाली, चाकातच राहतं, पकडही वाढते. दुसरं म्हणजे डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकसारखी फिरवणारा) असेल तर तो सरळ ओढतानाच दाबा, वळताना चुकूनही नाही.

साखळी खालच्या हुकाच्या सगळ्यात खालच्या भोकात. हूक खाली पडतंय म्हणून अडचण वाटते, पण ते खाली आहे म्हणूनच माणूस वाचतो. साखळी लांब घ्या, वीस-पंचवीस फूट, म्हणजे ओढ आडवी राहते. आखूड असेल तर बुडाच्या माथ्याकडून हूक वर खेचलं जातं.

उगार_ऊस (६ मे, दुपारी ३:१०)

उलटं केलं तर? म्हणजे पुढच्या बाजूला साखळी लावायची आणि रिव्हर्समध्ये ओढायचं. मागं उलटायचा प्रश्नच येत नाही.

गॅरेजवाला (६ मे, दुपारी ४:००)

मागं उलटत नाही हे खरं. पण रिव्हर्समध्ये जोर लागला की तोंड खाली दाबलं जातं आणि मागची चाकं हलकी होतात. जिथं वजन पाहिजे तिथूनच जातं, मग घसरतात. शिवाय सगळा ताण पुढच्या ॲक्सलवर आणि त्याच्या मधल्या पिनेवर. पुढचं हूक बंद पडलेली गाडी ओढून न्यायला असतं, बुड उपटायला नाही.

उगार_ऊस (६ मे, दुपारी ४:१५)

बरं झालं विचारलं. मी एकदा तसं केलं होतं, पिनेचं बुश गेलं ते कशानं ते आज कळलं.

डोंगर_चंदगड (७ मे, सकाळी ८:३०)

सीमेपलीकडून राम राम. आमच्याकडं फणसाची, जांभळीची बुडं काढायला जुन्या ट्रॅक्टरची मोकळी रिम वापरतात. टायर काढलेली, मागच्या चाकाची, २८ इंची.

बुडाच्या ज्या अंगाला ट्रॅक्टर उभा करणार त्याच अंगाला रिम उभी करायची, बुडाला टेकवून, थोडी बुडाकडं कललेली. साखळी बुडाला अगदी खाली, मुळं फुटतात तिथं गुंडाळायची. तिथून वर आणून रिमच्या खाचेतून माथ्यावरून घ्यायची आणि खाली उतरवत ट्रॅक्टरच्या हुकाला. ट्रॅक्टर पुढं ओढतो तशी रिम लोळत पुढं येते आणि साखळी बुडाला आडवं न ओढता वर उचलते. आडवी ओढ बुडाला समोरच्या मातीत दाबते, ती माती हलत नाही. वर उचललं की मुळं सालीसारखी सोलून निघतात.

रिमखाली जाड फळी पाहिजेच. सगळा दाब रिमवर खाली येतो, मऊ मातीत ती रुतते. साखळी खाचेतच बसलीय का ते दर वेळी बघायचं.

लाल_माती (७ मे, सकाळी ९:१५)

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! रिम आहे आमच्याकडं, गोठ्याच्या मागं गंजत पडलीय.

साखळीचं पण सांगा. माझ्याकडं आहे ती ट्रॉलीला मागं बांधायची, दोन कड्या वाकलेल्या आहेत. नायलॉनचा दोर चालेल का?

गॅरेजवाला (७ मे, दुपारी १२:२०)

वाकलेली कडी म्हणजे तुटायला तयार असलेली कडी. ती साखळी बाजूला ठेवा. ग्रेड ८०ची १० मिलिमीटर साखळी घेतलीत तर तिला ३.१५ टनांची सुरक्षित ओढ आहे, १३ मिलिमीटरला ५.३ टन. तुमच्या गाडीला १० पुरते, पण मिळाली तर १३ची भाड्यानं आणा. गाठ मारायची नाही, पीळ पडू द्यायचा नाही. हूक घ्यायचं ते बरोबर मापाचं, कडीत नीट बसणारं.

नायलॉन ताणला की रबरासारखा लांबतो आणि सगळी ताकद पोटात साठवून ठेवतो. तुटला किंवा हूक निसटलं की ते हूक गोळीसारखं परत येतं, थेट ड्रायव्हरच्या पाठीकडं. तारदोरही चाबकासारखा फिरतो. साखळी त्या मानानं कमी उसळते, तरीही तिच्या मध्यावर ओल्या मातीनं भरलेली दोन पोती टाकून ठेवा. आणि माणसं लांब. साखळीच्या लांबीच्या दुप्पट अंतरात कुणी नको, विशेषतः पोरं. गावात असं काही चाललं की बघायला पोरं येतातच.

मार्कंडेय_काठ (७ मे, दुपारी १२:५०)

हो, पोरांना घरीच ठेवा.

लाल_माती (१० मे, रात्री ८:००)

तीन दिवस खोदतोय. मी, धाकटा भाऊ आणि एक गडी. चर साडेतीन फूट रुंद झाली. पंप ओढ्यावर लावून दीडशे फूट पाइप टाकला, अर्धा इंची नळीतून झोत मारला. अथणीवाले अण्णा, पाण्यानं काम निम्मं झालं. कुदळीनं दिवसभरात जेवढं उघडलं त्याच्या दुप्पट माती पाण्यानं दोन तासांत निघाली.

आतापर्यंत सात आडवी मुळं सापडली. पाच मनगटाएवढी, दोन मांडीएवढी. सगळी दोन ठिकाणी तोडून काढली. एक गोष्ट अशी दिसली की चिंचेचं सोटमूळ खोल जातं म्हणतात, पण इथं अडीच फुटांवर जांभा लागला. मूळ तिथं जाऊन वळलंय आणि दगडावर पसरून आडवं गेलंय. म्हणजे खाली खोल काही नाही, पण बाजूला दूरपर्यंत धरलंय. एवढी वर्षं झाड कशावर उभं होतं ते बघून नवल वाटलं.

काळी_रान_अथणी (१० मे, रात्री ८:३५)

मग तुमचं नशीब चांगलं. आमच्या काळ्या रानात सोटमूळ सरळ खाली जातं, त्याला आडवं तोडायला माणूस खड्ड्यात उतरावा लागतो. तुमचं फक्त आडवं काम. उताराच्या वरच्या अंगाला नीट धुंडाळा, त्या बाजूला झाड स्वतःला जास्त धरून ठेवतं.

लाल_माती (१३ मे, रात्री ९:३०)

काल वळीव पडला, चांगला तासभर. आज माती मऊ होती. टायरात पाणी भरून घेतलं होतं. साखळी १३ची आणली, बेळगावहून, दोन दिवसांच्या भाड्यानं.

रिम न लावता आधी एकदा ओढून बघितलं. साखळी सगळ्यात खालच्या भोकात. लो-एक, क्लच हळूच सोडला. गाडी ताणली, चाकं घसरली, मी लगेच क्लच दाबला. पुढची चाकं जमिनीवरून केसभरही उचलली नाहीत. तेवढ्यानंच मला किती धीर आला म्हणून सांगू. बुड बोटभर हललं. आठ महिन्यांत पहिल्यांदा हललं.

मग रिम लावली. खाली आंब्याची फळी टाकली होती ती पहिल्याच ओढीला मधे चिरली, रिम तिरकी झाली. थांबलो. अंधार पडत होता, म्हणून आवरून घेतलं.

डोंगर_चंदगड (१३ मे, रात्री १०:००)

थांबलात ते बरं केलंत. आंबा मऊ लाकूड, दाबाला टिकत नाही. साग किंवा किंजळ बघा, निदान चार इंच जाड. फळी रुंद पाहिजे, रिमच्या दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर.

लाल_माती (१७ मे, रात्री ८:४५)

मंडळी, निघालं.

आज सकाळी सात वाजता सुरुवात केली. जुन्या घराची सागवानी तुळई होती, तिचा तीन फुटांचा तुकडा रिमखाली टाकला. वरच्या अंगाला अथणीवाल्या अण्णांनी सांगितल्याप्रमाणे परत पाणी मारलं, तर जांभ्याच्या फटीत शिरलेलं आठवं मूळ सापडलं. आम्हाला ते आधी दिसलंच नव्हतं, वर दगडाचा पापुद्रा होता. ते छिन्नी-घणानं दगड फोडून उघडं केलं आणि तोडलं. माझ्या मते आधीचे सगळे प्रयत्न त्या एका मुळावर अडले होते.

पोरांना आजीकडं पाठवलं होतं. भाऊ वरच्या बांधावर, गडी त्याच्याजवळ, दोघं साखळीपासून साठ फूट लांब. भावाच्या हातात लाल कापड. रिम कलली किंवा साखळी सरकली तर त्यानं ते वर करायचं आणि मी क्लच दाबायचा, एवढंच ठरलं होतं. गाडीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही.

पहिली ओढ: रिम वीतभर लोळली, बुडाचा मागचा काठ चार बोटं उचलला. थांबलो, उचललेल्या फटीत दगड आणि लाकडाच्या पाचरी मारल्या. दुसरी ओढ: भावानं कापड वर केलं, साखळी खाचेच्या काठावर आली होती. ढिली सोडून परत बसवली. तिसऱ्या ओढीला आतून मुळं तुटल्याचा आवाज आला, कड कड कड असा, आणि बुड एका अंगावर हळूच कललं. झटका नाही, काही नाही. गाडी शांतपणे दोन हात पुढं गेली आणि बुड तिच्यामागं खड्ड्यातून वर आलं. मी गाडी बंद केली आणि तिथंच बसून राहिलो.

सगळं मिळून ओढायला पाऊण तास, खोदायला सहा दिवस. पुढची चाकं शेवटपर्यंत जमिनीवर होती. ताई, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

मार्कंडेय_काठ (१७ मे, रात्री ९:२०)

दादा, रोज संध्याकाळी धागा उघडून बघत होते. आज आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण गाडी बंद करून बसलात तिथवर आल्यावर तिनं परत वाचायला लावलं.

निवृत्त_गुरुजी (१७ मे, रात्री ९:४५)

फार समाधान वाटलं. आता खड्ड्याचं काय करणार? तो नीट भरला नाही तर पावसाळ्यात डबकं होईल.

लाल_माती (१८ मे, सकाळी ७:००)

खड्डा दहा-साडेदहा फूट रुंद, तीन फूट खोल आहे गुरुजी. चर मारताना वरची काळपट माती एका बाजूला आणि खालची तांबडी मुरमाड दुसऱ्या बाजूला टाकली होती, ते आता उपयोगी पडलं. खाली मुरमाड, मग दोन पाट्या शेणखत, वर चांगली माती.

काळी_रान_अथणी (१८ मे, सकाळी ७:३०)

फूटभर भरलं की पाणी सोडा, बसू द्या, मग पुढचा थर. वर अर्धा फूट उंचवटा ठेवा, पावसानं तो खाली जातोच. ह्या वर्षी त्या जागेवरून ट्रॅक्टरचं चाक नेऊ नका, तिथं कुरी (पेरणीचं अवजार) बैलांनी ओढा. मुळांचे बारीक तुकडेही वेचून काढा.

उगार_ऊस (१८ मे, सकाळी ८:१०)

लाकडाचं काय केलंत? चिंचेचा गड्डा म्हणजे सोनं आहे.

लाल_माती (१८ मे, सकाळी ८:४०)

खानापुरातल्या एका मटणाच्या दुकानदारानं गड्डा मागितलाय, ओंडका करायला. चिंचेला सुरा लागला तरी भुसा उडत नाही म्हणतो, चांगला भाव देतोय. मांडीएवढी दोन मुळं सुताराला दिली, कुऱ्हाडीचे आणि कुदळीचे दांडे करणार. बाकीचं चुलीला.

हिरण्यकेशी (१८ मे, सकाळी ९:०५)

पहिलंच उत्तर मी दिलं होतं, जेसीबी बोलवा म्हणून. धागा सगळा वाचला. आमच्याही बांधावर शिरीषाचं एक बुड आहे, तीन वर्षं झाली. ती रिम दोन दिवसांसाठी मिळेल का? मी संकेश्वरजवळ असतो.

लाल_माती (१८ मे, सकाळी ९:१५)

रिम आणि तुळईचा तुकडा दोन्ही बांधावरच आहे, घेऊन जावा. आधी चर मारून मुळं मोजा आणि इथं लिहा, किती निघाली ते.